नंबर कधी लागेल? चांगदेवांना विचारा!

वाट बघण्याचा विक्रम कुणाच्या नावावर, असं विचारलं तर यावलच्या माणसाने खुशाल पूर्वेकडे बोट दाखवावं. भुसावळ ओलांडून मुक्ताईनगर तालुक्यात गेलं की तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ लागतं. चांगदेव चौदाशे वर्षं जगले म्हणे. मरण दाराशी आलं की योगबळाने त्यालाच पुढची तारीख द्यायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी एकच अर्ज केला, तोही कोरा. आळंदीच्या ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. वयाने तो पोरगा, ज्ञानाने थोरला. मग ‘चिरंजीव’ लिहावं की ‘तीर्थरूप’? शेवटी कोराच कागद धाडून दिला. खान्देशातून गेलेला हा पहिला अपुरा फॉर्म म्हणायला हरकत नाही. उत्तर मात्र पासष्ट ओव्यांचं आलं, ‘चांगदेव पासष्टी’. कोऱ्या अर्जाला एवढं सविस्तर उत्तर कुठल्या वकिलातीने दिल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही.

आता हिशेब करा. २०२३ साली वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटने आकडेमोड केली. नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्ड मागणारा नवा भारतीय माणूस त्या वर्षी रांगेत उभा राहिला, तर नंबर यायला १३४ वर्षं लागतील! चांगदेवांच्या आयुष्यात असे दहा नंबर लागले असते आणि वर साठ वर्षं उरली असती. आपल्याला मात्र पेन्शनपर्यंत पोचायची मारामार.

आइसलँड आणि जळगाव, माप एकच

एवढी रांग का? अमेरिकेने देशागणिक मर्यादा घातली आहे. कुटुंबाच्या आणि नोकरीच्या रांगेतले जेवढे व्हिसे वर्षाला निघतात, त्यातले साधारण ७ टक्क्यांच्या वर कुठल्याही एका देशाला मिळत नाहीत. देश केवढाही असो. आइसलँडची सगळी वस्ती चार लाखांच्या आत. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांवर. तरी आइसलँडला आणि अख्ख्या भारताला पायली एकच. मोठ्या कुटुंबाला आणि एकट्या माणसाला रेशनवर सारखीच साखर द्यावी, तसला हा न्याय.

पण थांबा, पूर्वी याहून वाईट होतं. १९१७ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायचं दारच बंद केलं होतं. १९४६ साली ते किलकिलं झालं. वर्षाला किती जणांसाठी? शंभर. हजार नव्हे, लाख नव्हे, मोजून शंभर! काश्मीर ते कन्याकुमारी सगळे मिळून. यावल आगारातून सुटणाऱ्या दोन एसटी गाड्यांत हा कोटा बसला असता. फार तर दहाबारा जण दांड्याला धरून उभे, जे आपल्याला नवीन नाही. १९६५ च्या कायद्याने ही व्यवस्था मोडली आणि मग डॉक्टर-इंजिनिअरांची विमानं भरू लागली.

भाऊबीज, अठरा वर्षांनी

अमेरिकेचा नागरिक झालेला भाऊ बहिणीसाठी अर्ज करू शकतो. कागदावर याला ‘एफ-४’ म्हणतात. आपण भाऊबीज म्हणू. या ओवाळणीची गंमत अशी, की २०२५ मध्ये भारतातल्या ज्या भावाबहिणींचा नंबर चालू होता त्यांचे अर्ज २००६ चे होते. त्या वर्षी पाळण्यात असलेलं पोर आता मतदान करतं.

आणि त्या पोराचं काय? आईच्या अर्जात त्याचं नाव चालतं, पण दोन अटी. वय २१ च्या आत हवं आणि लग्न झालेलं नको. लग्न लागलं की नाव गळालं. म्हणजे एकीकडे आजी नातीला स्थळं बघते, दुसरीकडे मामा फोनवरून ओरडतो, ‘थांबा, थांबा, अजून अक्षता टाकू नका!’ वयाच्या अटीवर मात्र अमेरिकेनेच एक तोडगा काढला. २००२ च्या एका कायद्यानुसार मूळ अर्ज सरकारदरबारी जितके दिवस तपासणीत पडून होता, तितके दिवस त्याच्या वयातून वजा करता येतात. तेवीस वर्षांचा गडी कागदावर वीसचा होतो. वय कमी करण्याचा याहून खात्रीचा उपाय एकाही क्रीमच्या डबीत नाही.

दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं एक तक्ता काढतं, त्याचं नाव ‘व्हिसा बुलेटिन’. कोणत्या देशाची, कोणत्या रांगेची कोणती तारीख चालू आहे, ते त्यात असतं. रांगेतली माणसं तो तक्ता पंचांगासारखा वाचतात. गंमत म्हणजे तारीख पुढेच सरकते असं नाही, मागेही येते! मागच्या महिन्यात तुमच्यापासून दोन हातांवर असलेला नंबर या महिन्यात दोन वर्षं मागे गेलेला असतो. सापशिडी म्हणा. आपल्याकडे तिचं जुनं रूप ‘मोक्षपट’ ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलं जातं. त्यात निदान साप कुठल्या घरात बसला आहे ते दिसतं तरी.

त्या ईमेलचा पासवर्ड काय होता?

आता इथे थोडं थांबतो, कारण हे गमतीचं नाही, कामाचं आहे. अठरा वर्षांनी नंबर लागल्याची खबर तुम्ही अर्जात जो पत्ता दिला त्यावर येते. २००६ साली अर्ज केला तेव्हा घर कुठलं होतं? फोन लँडलाइनचा होता की नाही? ईमेल रेडिफचा होता, तोही सायबर कॅफेतल्या पोराने काढून दिलेला, आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक. व्हिसा मिळू शकतो असं कळवल्यापासून वर्षभरात तुम्ही काहीच हालचाल केली नाही, तर कायद्याने नाव खोडलं जाऊ शकतं. अठरा वर्षं थांबून शेवटच्या वर्षी गाडी चुकायची! म्हणून घर बदललं, फोन बदलला, ईमेल बदलला की कळवून ठेवा.

दुसरं, अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं, की व्हिसा हातात पडेपर्यंत घर विकू नका, नोकरी सोडू नका, विमानाचं पक्कं तिकीट काढू नका. यात आमची एक भर: केळीचे घड कापायच्या आधी बाग विकू नका.

मुन्नाभाई वॉशिंग्टनला

वाट बघून वैतागलेली माणसं काय करतात? मोर्चा काढतात, घोषणा देतात. २००७ साली अमेरिकेतल्या भारतीयांनी फुलं पाठवली.

झालं असं. जूनमध्ये सरकारने जाहीर केलं, की जुलैत नोकरीच्या बहुतेक सगळ्या रांगा खुल्या, या आणि अर्ज टाका. लोकांनी वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या, वकिलांचे खिसे भरले, कुणी भारतातली सुट्टी अर्धवट टाकून परत पळालं. २ जुलैला सरकार म्हणालं, चूक झाली, रांगा बंद. आदल्याच वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन गेला होता. कुणाच्या तरी डोक्यात गांधीगिरी शिरली आणि १० जुलैला इमिग्रेशन खात्याचे प्रमुख एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात पुष्पगुच्छांचा ढीग लागला. साहेबांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत पाठवून दिली. सौजन्याला सौजन्य. आणि आठवडाभरात, १७ जुलैला, सरकारने माघार घेतली आणि अर्ज स्वीकारायला सुरुवात केली. फुलांमुळेच झालं का? कोर्टात दावे घालायची तयारीही चालू होती, म्हणून सगळं श्रेय झेंडूला देता येणार नाही. पण मुंबईच्या एका सिनेमातल्या टपोरीचं तत्त्वज्ञान वॉशिंग्टनच्या टेबलावर पोचलं, एवढं खरं.

साडेचारशे किलोमीटर, काही मिनिटं

नंबर लागला, आता मुलाखत. भारतातून अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्यांच्या मुलाखती एकाच ठिकाणी होतात, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात. गुवाहाटीचा असो की मदुराईचा, त्याला मुंबई गाठावीच लागते. त्या मानाने यावलकर नशिबवान. एसटीने वीसेक किलोमीटरवर भुसावळ, तिथून रात्रीची अमरावती नाहीतर विदर्भ एक्सप्रेस, साडेचारशे किलोमीटर झोपेत. सकाळी दादरला उतरलं की चहा आणि छातीत धडधड. पण बोटांचे ठसे वेगळ्या दिवशी द्यावे लागतात, त्यामुळे एका रात्रीच्या तिकिटात भागत नाही. कुर्ल्याचा मावसभाऊ अशा वेळी अचानक फार जवळचा होतो.

आणि आत? फोन नेता येत नाही, मोठी बॅग नेता येत नाही. मुलाखत होते काही मिनिटांची. अठरा वर्षांच्या पोटी काही मिनिटं! आपल्याकडे मुलगी बघायला येणारेसुद्धा पोह्यांची ताटली संपेपर्यंत तरी बसतात.

लांबच्या मुलाखतीचं रडगाणं गायच्या आधी इराणी माणसाकडे बघा. त्याच्या देशात अमेरिकेची वकिलात चाळीसहून जास्त वर्षं नाहीच. मग अमेरिकेच्या व्हिसासाठी तो तुर्कस्तानात अंकाराला, आर्मेनियात येरेवानला नाहीतर अबुधाबीला जात आला आहे. म्हणजे एका देशाचा व्हिसा मिळवायला आधी दुसऱ्या देशात जायचं. हवानाच्या क्यूबन माणसाला २०१८ पासून काही वर्षं थेट दक्षिण अमेरिकेतल्या गयानात जाऊन मुलाखत द्यावी लागत होती.

आणि असा एक काळ आपल्यावरही येऊन गेला. कोविडनंतर २०२२ च्या अखेरीस मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी ९९९ दिवस थांबा असा आकडा झळकला होता. नातवाचं बारसं बघायला निघालेल्या आजीने त्याच्या बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला पोचावं, असा हिशेब. मग शनिवारीही खिडक्या उघडल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासानेच सुचवलं, की बँकॉकला जात असाल तर तिथे बघा, चौदा दिवसांत तारीख मिळते. मुंबई लांब, बँकॉक दोन आठवड्यांवर! ती वाटही सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. आता ज्या देशाचे नागरिक किंवा रहिवासी, तिथेच मुलाखत.

९९९ वरून आठवलं. वांद्र्याला येण्याआधी, २०११ पर्यंत, अमेरिकेची वकिलात ब्रीच कँडीच्या ‘लिंकन हाऊस’मध्ये होती. मुळात हा वांकानेरच्या महाराजांचा महाल. १९५७ मध्ये अमेरिकेने तो भाडेपट्ट्याने घेतला. मुदत किती? ९९९ वर्षं! २०१५ मध्ये पुण्याच्या सायरस पूनावालांनी तो ७५० कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं आणि मग व्यवहार भारत सरकारच्या परवानग्यांत वर्षानुवर्षं अडकून पडला. म्हणजे अमेरिका आपल्या सरकारी कचेरीच्या बाहेर फाईल धरून उभी, नंबराची वाट बघत. आम्हाला यात आसुरी आनंद झाला, हे खोटं कशाला बोला?

एक जूनचे सगळे वाढदिवस

परदेशी फॉर्म हा स्वतंत्र करमणुकीचा विषय आहे. अमेरिकेचा फॉर्म विचारतो: तुम्ही दहशतवादी आहात का? हेरगिरी करायला येताय का? वंशसंहारात भाग घेतला आहे का? स्थायिक व्हायच्या फॉर्ममध्ये तर, बहुपत्नीत्व करायला येताय का, असंही विचारतात. फैजपूरच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर या प्रश्नाला काय उमटेल, याची कल्पना करा. शेजारी बाई बसलेल्या असताना!

पर्यटक व्हिसाचा फॉर्म वीस मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतो. महावितरणला विचारात घेऊन हा फॉर्म बनवलेला नाही, हे उघड आहे. दर पानावर जतन करत जा. २०१६ पासून फोटोत चष्माही चालत नाही. आडनाव नसलेल्या माणसाचं एकच नाव आडनावाच्या जागी टाकतात आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ लिहितात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग अमेरिकेतल्या बँका वर्षानुवर्षं पत्रं पाठवतात, ‘प्रिय फ्नू’!

आपल्याकडचा खरा घोळ जन्मतारखेचा. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. हा ग्रहयोग नव्हे. शाळा जूनमध्ये भरायची, आई म्हणायची ‘पोळ्याच्या आसपास झाला, मास्तर’, आणि मास्तर रजिस्टरात १ जून ठोकून मोकळे व्हायचे. जन्माची नोंद सापडली नाही तर नगरपरिषदेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला आणि जुन्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं लागतात. म्हणजे तुम्ही जन्मलात याचा पुरावा द्यायला जन्माच्या वेळी हजर असलेली आत्या अजून धडधाकट हवी. शिवाय शाळेत चौधरी, सातबाऱ्यावर पाटील आणि लग्नानंतर माहेरचं पहिलं नावसुद्धा बदललेलं. हे कोडं परदेशी अधिकाऱ्याला समजावताना भल्याभल्यांना घाम फुटतो. नंबर यायच्या आत, निवांत असताना, हे कागद एका नावावर आणून ठेवा. थांबण्याच्या काळाचा याहून चांगला उपयोग आम्हाला ठाऊक नाही.

देवा, शिक्का मार

हैदराबादजवळ चिलकूरचा बालाजी आहे, त्याला लोक ‘व्हिसा बालाजी’च म्हणतात. मागणं मागताना ११ प्रदक्षिणा, पूर्ण झालं की १०८. जालंधरजवळच्या तल्हण गावातल्या गुरुद्वाऱ्यात लोक खेळण्यातली विमानं वाहत आले आहेत. यावलकराची सोय घराजवळ आहे. सातपुड्याच्या कुशीत आडगावची मनुदेवी, शेजारी पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. तिला विमान वाहायची पद्धत नाही. साडीचोळी आणि नारळात ती समाधानी असते.

येणाऱ्यांची रांग

आपण जाणाऱ्यांबद्दलच बोलत सुटलो. येणारेही आहेत, आणि तेही थेट जळगावात. पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली बरीच सिंधी कुटुंबं जिल्ह्यात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्यातले आकडे बाहेर आले तेव्हा जळगावात असे चारशेच्या आसपास पाकिस्तानी नागरिक होते. यांची वाटही साधी नाही. भारताचं नागरिकत्व मिळवायला एरवी शेवटचं सलग एक वर्ष आणि त्याआधी अकरा, अशी बारा वर्षं इथे काढावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांसाठी अकराची पाच झाली. ती दुरुस्तीही थांबलीच. तिचे नियम आले मार्च २०२४ मध्ये.

आता ओळखा पाहू, या अर्जाची जिल्हा पातळीवर तपासणी करून निष्ठेची शपथ कोण देतं? कलेक्टर? एसपी? नाही. पोस्टाचे अधीक्षक! नियमांत तसंच लिहिलं आहे. आणि २०१७ पासून पासपोर्टची सेवा केंद्रंही टपाल कार्यालयांत निघाली, जळगावातही. म्हणजे देशाबाहेर जायचं तर पोस्टात, देशाचं व्हायचं तर पोस्टात. तार गेली, पण लाल पेटीचा दरारा आहेच.

मॉरिशसच्या मराठी माणसांची रांग तर पिढ्यांची. १८३४ नंतर मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर गेलेल्यांचे ते वंशज. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. २०२४ मध्ये भारताने त्यांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड देऊ केलं. सात पिढ्यांचा दाखला आणायचा कुठून? मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची जुनी दफ्तरं जपून ठेवली आहेत. आमच्याकडे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळत नाही, आणि तिकडे जहाजातून उतरलेल्या खापरपणजोबांची नोंद सापडते.

दातांच्या डॉक्टरकडे

आनंदीबाई जोशींना व्हिसा लागला नाही. १८८३ मध्ये ती भानगडच नव्हती. भारतात पासपोर्टचा कायदा आला १९२० मध्ये. पण वाट त्यांनीही बघितली. त्यांचे पती गोपाळराव यांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे म्हणून. त्याने ते आपल्या मासिकात छापलं, वर ख्रिस्ती व्हायचा सल्ला. विषय तिथेच संपायचा. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि आपला नंबर येईपर्यंत तिथे पडलेलं मासिक चाळत बसल्या. त्यात ते पत्र! बाईंनी आनंदीबाईंना लिहिलं, पत्रांतून मावशी-भाचीचं नातं जुळलं, आणि जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्या स्वतः घ्यायला आल्या. डॉक्टरने बाईंना वेळेवर आत बोलावलं असतं तर?

केळीला मुलाखत नाही

यावल-रावेर पट्ट्यातून परदेशी जाण्यात सगळ्यात पुढे कोण, तर केळी. २०२१ मध्ये तांदलवाडीची भौगोलिक मानांकनवाली केळी दुबईला रवाना झाली. तिचा पासपोर्ट म्हणजे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, अर्थात रोग-कीड नसल्याचा दाखला. तेरा अंशांच्या थंडगार कंटेनरमध्ये हिरवीगार बसून जाते, तिकडे पोचल्यावर निवांत पिकते. मुलाखत नाही, एक जूनचा घोळ नाही, आडनावाची भानगड नाही.

मात्र हीच केळी तुम्ही पिशवीत घालून न्यू जर्सीला लेकीकडे न्यायला गेलात, तर अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतात, आणि न सांगता नेली तर दंडही करतात. बामणोदची भरताची वांगीही त्याच पंक्तीत. तळलेले केळीचे वेफर्स चालतात. पण आधीच सांगा, की पिशवीत खायचं आहे.